तणसीत बांधलेला कॉम्प्युटर

ऐंशीच्या दशकात मी शिकायला परदेशी निघालो. नागपूरच्या कॉलेजात स्वतः जोडलेला छोटा कॉम्प्युटर सोबत न्यायचा होता. आमच्या एकोडी गावात थर्माकोल कुठून मिळणार? मी निरोपाला आलेल्या पाहुण्यांत अडकलो असताना बाबांनी तो आंबे ठेवतात तसा धानाच्या तणसीत ठेवला आणि खोका सुतळीने आवळून टाकला. मी चिडलो.

"काहून घाबरून राहिला? यात अंडं बी फुटत नाही," ते म्हणाले.

विमानात मी सुट्या भागांच्या पावत्या खिशात चाचपत बसलो. तिकडच्या कस्टमवाल्याने खोका उघडला, पण पावत्यांकडे पाहिलंही नाही. बाहेरून गवत, पेंढा आणायला बंदी होती म्हणे. हातमोजे घालून त्याने तणसीची काडी न् काडी वेचून पिशवीत भरली आणि कॉम्प्युटर माझ्या हाती दिला. खोलीवर जाऊन बटण दाबलं, दिवा लागला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

कॉम्प्युटर सुखरूप पोचला, एवढंच मी घरी कळवलं. बाबांचं उत्तर आलं, "तणस फेकू नको. वापस येतानी त्यातच बांधून आणजो."