ऐंशीला बास

बॅटरीचे किस्से शोधावे लागत नाहीत, गिऱ्हाईकच पिशवीत घालून आणतं. द्वारका चौकात सलीमभाईंचं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान आहे. दहावीला दोनदा आपटलेल्या मला त्यांनीच उभं केलं, नायतर मला कोण विचारतंय!

घोटीचे एक तांदूळवाले शेठ आले. बॅटरी फुगून कीबोर्ड वर आलेला. तो खाली बसावा म्हणून शेठनी त्याच्यावर तांदळाचं पोतं ठेवलेलं! सलीमभाईंना घाम फुटला. म्हणाले, पेट घेतला असता की.

"म्हणूनच इंद्रायणी नाय ठेवला," शेठ म्हणाले. "कणीचं पोतं ठेवलं."

एक सर चार्जर कधी काढायचेच नाहीत. बॅटरीचा रिपोर्ट काढला तर निम्मा जीव गेलेला. सलीमभाईंनी सांगितलं, वीस टक्क्यांना वायर लावा, ऐंशीला काढा.

सर नाराज. "भरल्या ताटावरून उठवायचं? आमच्यात असं करत नाहीत."

तिथंच माझं डोकं चाललं. सलीमभाईंच्या लॅपटॉपमध्ये मी माझाच आवाज भरला. ऐंशी झाले की बोंबलणार, "बास आता, पोट फुटेल!"

तो बोंबलला तेव्हा सलीमभाईंचे सासरे दुकानात बसून दुसऱ्यांदा बिर्याणी वाढून घेत होते.

सासरे ताट तसंच सोडून हात धुवून गेले. सलीमभाई म्हणाले, "अजून एक खोडी, की तू घरी."

मी सुधारलो. आठवडाभर.

मग सुरगाण्याची एक ताई आली. नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती, आणि तिकडे लाइटीचा भरोसा नाय. सलीमभाईंनी नवी बॅटरी टाकली. आवाज मी टाकला, ऐंशीचा आणि वीसचाही. ताई जीपमध्ये बसून गेल्यावर सलीमभाईंना कळलं. फोन लावला, वाटेत रेंज नाय. माझ्याशी बोलणंच बंद. मी मनातल्या मनात डबा, चप्पल आवरून ठेवली.

ताई परत आली ती थेट माझ्यापुढं. मुलाखतीत लाइट गेलेली तिला कळलंच नव्हतं. साहेब प्रश्न विचारतायत आणि लॅपटॉप ओरडला, "ताई, वीस उरले, जीव चाललाय!" साहेब हसले, म्हणाले, मग महत्त्वाचं आधी विचारतो. नोकरी लागली. तिनं नागलीचे पापड आणलेले, अर्धे सलीमभाईंना, अर्धे त्या आवाजाला.

सलीमभाई पापड मोजल्यासारखे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानचा लॅपटॉप चार्जिंगला लावला. ऐंशी झाले. आवाज आला, पण माझा नव्हता, सलीमभाईंचा.

"वायर काढ. आणि उद्या वेळेवर ये, नालायका."