जोडणारं प्रथिन आणि गोरक्ष बोडके

गोरक्ष बोडके मनमाडच्या यार्डात पॉइंट्समन होता. रेल्वेचे डबे एकमेकांना जोडायचे आणि सोडवायचे, हे काम तो एकवीस वर्षं करत होता. नेहमीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी एक लाख ऐंशी हजार निघाल्या. असायला हव्यात अकरा हजारांच्या आत.

"जास्त हायेत, म्हणजे चांगलंच ना?" त्याने विचारलं.

नाशिकच्या डॉ. मोहिनी देवरेंनी तसं नसल्याचं सांगितलं. रक्ताचा कर्करोग होता, पण सावकाश चालणारा. रोज जेवणानंतर एक गोळी. तीन महिन्यांत रक्त ताळ्यावर आलं. गोरक्ष कामावर रुजू झाला.

गोळीने त्याच्या डोळ्यांखाली सूज यायची आणि पायात गोळे. तो रडून आलाय असं यार्डात सगळ्यांना वाटे. दोघांनी तर त्याला बाजूला घेऊन सांत्वन केलं. दुसऱ्या वर्षी त्याने कोणाला न सांगता गोळी बंद केली. त्याला काही होत नव्हतं, आणि काही होत नसताना औषध का घ्यायचं हे त्याला कळत नव्हतं. दर महिन्याच्या गोळ्या मात्र तो इमानदारीने आणायचा.

चार महिन्यांनी त्याच्या बायकोला, उज्वलाला, माळ्यावरच्या डब्यात त्या सगळ्या सापडल्या. पुढच्या गुरुवारी, तपासणीच्या दिवशी, ती त्याच्याबरोबर नाशिकला आली आणि डॉक्टरांच्या टेबलावर त्या गोळ्यांची पिशवी उलटी केली.

"मॅडम, हे काय खातात ते विचारा."

रिपोर्टमधला पेशींचा आकडा आधीच वाढलेला होता. डॉक्टरांनी रागवायचं सोडून पाठकोऱ्या कागदावर तीन गोल काढले.

"हे पहिलं बिघडलेलं प्रथिन. याचं बटण कायम चालूच. हे तिसरं, पेशीला 'वाढ, वाढ' म्हणणारं. दोघांची थेट गाठ पडत नाही. मधलं दोघांना जोडतं."

"मधलं स्वतः काय करतं?"

"काही नाही. फक्त जोडतं."

गोरक्षने मधल्या गोलावर बोट ठेवलं. हे काम त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती; यार्डात तो तेच करत होता.

"मग त्या मधल्यालाच काढून टाका."

"चांगल्या पेशींनाही ते लागतं, बोडके. गोळी पहिल्याला बंद पाडते, मग मधल्याला धरायला जागा मिळत नाही. तुम्ही गोळी सोडलीत, त्याने पुन्हा धरलं."

"म्हणजे त्याचा दोष नाय."

"नाही. तुमचा आहे."

त्या दिवसापासून गोळी चुकली नाही. रिपोर्ट सहा महिन्यांत खाली आला. कागदाची घडी त्याने पाकिटात ठेवली आणि गुरुवारच्या रांगेत जो शेजारी बसेल त्याला ती दाखवू लागला. काही जण जागा बदलायचे.

सुरगाण्याकडच्या बयाबाईंनी जागा बदलली नाही. त्यांनाही तोच आजार होता. पण पुढे दोन गुरुवार त्या आल्याच नाहीत, फोन लागेना. गोरक्ष सुटीच्या दिवशी नाशिकहून सुरगाण्याच्या एसटीत बसला, पुढे जीपने पाड्यावर पोचला. बयाबाई शेतात नागली, म्हणजे नाचणी, कापत होत्या.

"बरी हाय मी," त्या म्हणाल्या. "गोळ्या संपल्या. कापणी टाकून कुठं जाऊ?"

त्याने बांधावर बसून कागद उलगडला. बयाबाईंनी विळा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे मधलं, कोणीपण बोलवलं की जातं?"

"हो."

"वाईटानं बोलवलं तरी?"

"तरी."

"मग अक्कल नाय त्याला."

"अक्कल हाय, मावशी. त्याचं कामच ते हाय," गोरक्ष जरा जास्तच जोरात म्हणाला. शेजारच्या शेतातली माणसं वळून बघू लागली.

बयाबाईंना प्रथिनाची बाजू फारशी पटली नाही. पण हा माणूस ड्युटीची सुटी घालवून इतक्या लांब आला होता, हे त्यांना दिसत होतं. उरलेली नागली सुनेवर सोपवून त्या गुरुवारी आल्या. त्यांच्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. आधीची गोळी पुरेना, डॉक्टरांनी दुसरी दिली. ती लागू पडायला वर्ष गेलं, पण पडली.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दोघांचा नंबर एकाच गुरुवारी असतो. एकदा बयाबाईंनी गोरक्षला नागलीचं पीठ दिलं. उज्वलाच्या भाकऱ्या पहिल्या दोन खेपांना तव्यावर मोडल्या. तिसऱ्या खेपेला तिने बयाबाईंना फोन लावला. रेंज होती. पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, असं कळलं.