एका बैलात एक टायर

टायर शिजायला किती वेळ लागतो, असं ताईला विचारलं तर तिच्याकडून मिनिटांत उत्तर कधी मिळायचं नाही. "एक बैल," एवढंच म्हणून ती पुन्हा साच्याकडे वळायची. नवं माणूस बुचकळ्यात पडायचं. कारखान्यातली जुनी माणसं मात्र हसायचीसुद्धा नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते सरळसाधं माप होतं. अर्धा बैल झाला की चहा. पाव बैल उरला की पुढचा टायर घासून तयार ठेवायचा. ताईची लेक लहान असताना दारातून ओरडायची, "आई, भूक लागली!" आणि आतून उत्तर यायचं, "थांब, थोडाच बैल राहिलाय."

बैल म्हणजे एक कॅसेट. लांबच्या कुठल्या तरी देशातल्या चौघांनी वाजवलेली. कव्हरवर मान खाली घालून धावत येणारा लाल बैल. आत गिटारींचा गदारोळ, ढोल बडवणारा मागच्या जन्मीचं वैर काढतोय असं वाटावं, आणि गाणारा गातो असं आपलं म्हणायचं म्हणून म्हणायचं. बँडचं नाव तेलकट बोटांनी केव्हाच पुसून टाकलं होतं. पण नावावाचून ताईचं कधी अडलं नाही.

कारखाना तिच्या थोरल्या भावाचा. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवून द्यायचं, हा धंदा. पुढच्या खोलीत टायर घासायचं मशीन आणि दादाचं टेबल, मागच्या खोलीत लोखंडी साचा. घासलेल्या टायरला सोल्युशन लावायचं, त्यावर कच्च्या रबराची पट्टी गुंडाळायची, साच्यात घालून झाकण आवळायचं आणि वाफ सोडायची. कमी शिजला तर पट्टी सुटते, जास्त शिजला तर कडक होऊन तडकते. म्हणजे स्वयंपाकच, फक्त मध्येच झाकण काढून बघायची सोय नाही.

नवऱ्याचं घर सोडून ताई लेकीला कडेवर घेऊन भावाकडे आली, तेव्हा तिथं काय घडलं होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. आपणही विचारू नये. पण आल्यावर तिला सगळ्यात जास्त छळलं ते लोकांच्या हळू आवाजानं. जो तो तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचा. वहिनी दार उघडतानासुद्धा कडीचा आवाज होऊ द्यायची नाही. शेजारणी येऊन हात हातात घ्यायच्या आणि सल्ले द्यायच्या, आणि सल्ल्याला काय, लागतं काय? दादानं तिला पुढच्या टेबलाशी बसायला सांगितलं. तिनं मागची खोली मागितली. तिथं इतकं उकडायचं की सल्ला द्यायला कुणी फिरकणार नाही, एवढा साधा हिशेब.

साच्यावर तेव्हा एक दांडगा माणूस होता. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. जहाजावर नोकरी लागली म्हणून तो निघाला होता. जाताना त्यानं ताईला काम शिकवलं आणि वाफेच्या खोलीबाहेर, खिडकीच्या कोनाड्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला टेपरेकॉर्डर दाखवला.

"ताई, इथं घड्याळ जगत नाही. वाफेनं मरतं. मी किती लावली, किती गेली. हा बैल तेवढा टिकला. पहिलं गाणं सुरू झालं की वाफ सोडायची, दुसरी बाजू संपली की बंद करायची. टायर कधी कच्चा राहणार नाही की करपणार नाही."

"आणि हे सगळं ऐकायचं?"

"ऐकू नका की. पण ऐकू येईलच," पैलवान म्हणाला.

पहिल्या दिवशी तिनं कानांत कापसाचे बोळे घातले. काही दिवसांनी एक बोळा घामानं निसटून पडला आणि तिनं तो परत घातला नाही. दुसरा तिनं स्वतःच काढला.

आता या बैलाचं कौतुक तिच्याकडूनच ऐकायला हवं, कारण असं रसाळ वर्णन मला जमणार नाही. पहिल्या गाण्यात आधी नुसता ढोल. कुणी तरी बंद दारावर थापा मारतंय आणि आतलं माणूस उठत नाहीये. मग गिटार अशी घुसते की दार बिजागरीसकट आत. तिथंच वाफेचा कॉक फिरवायचा. तिसऱ्या गाण्यात एक गिटारवाला बाकीच्यांना सोडून भलतीकडेच निघतो, गल्लीबोळातून हिंडतो, आता काही हा परत येत नाही असं वाटतं, आणि बरोबर नेमक्या ठोक्याला घरी हजर. ताईला तिथं दर वेळी हसू यायचं. दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं होतं. त्यात त्या दांडगट गळ्याचा माणूस इतका खाली उतरायचा, की आपल्याशी एकट्याशी बोलतोय असं वाटावं. त्या गाण्याला ती हात पुसून स्टुलावर बसायची. आणि शेवटच्या गाण्यात चौघं असे हमरीतुमरीवर यायचे की आता एकमेकांच्या डोक्यात वाद्यं घालणार. पण संपताना चौघांचा मिळून एकच ठोका. कुणी पुढं नाही, कुणी मागं नाही.

एक शब्द तिला कळायचा नाही. पण त्या चौघांनी तिला कधी 'बिचारी' म्हटलं नाही. झालं ते झालं, आता जुळवून घे, असा उपदेश केला नाही. सकाळी ती येईल तेव्हा ते हजर असायचे आणि पहिल्याच ठोक्याला असे उठायचे, की तिलाही उठावंच लागायचं. त्यांचे उपकार आपल्याला जन्मात फिटायचे नाहीत, असं ती लेकीला सांगायची. लेक म्हणायची, "आई, त्यांना माहीतही नाही गं तू आहेस ते." "म्हणूनच तर उपकार," ताई म्हणायची.

दादाला बैल अजिबात सोसायचा नाही. रोज निदान एकदा पुढच्या खोलीतून हाक यायचीच. "अगं, तो आवाज कमी कर! गिऱ्हाईक काय बोलतंय ते कळत नाही!" ताई बटण थोडं खाली करायची आणि दादाची पाठ वळली असेल एवढा अंदाज घेऊन पुन्हा वर. लेक कडेवरून उतरून कॉलेजात जाईपर्यंत या नियमात कधी खंड पडला नाही.

मग टायर परत येऊ लागले.

आधी एखादा, मग आठवड्याला दोन-तीन. नवं रबर कडक होऊन तडकायचं. दादानं रबरवाल्याला झापलं, त्यानं दुसरं रबर पाठवलं, तेही तडकलं. वाफेचा काटा बदलला, साच्याचे बोल्ट बदलले. वर पूर्वीइतके टायर दिवसाला निघेनात. दादा म्हणाला, तू आताशा रेंगाळतेस. ताई बिचारी धावपळ करून दमली, तरी टायर कमीच. चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात ते रबरवाल्याला विचारा.

शेवटी एका स्कूटरवाल्याच्या टायरची पट्टी भर रस्त्यात तडकून तुटली आणि तो आडवा झाला. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. दादा त्या दिवशी ओरडला नाही, तेच वाईट होतं. जेवताना ताटाकडे बघत तो म्हणाला, "एक तारखेपासून साच्यावर दुसरा माणूस बघतो. तू घरी आराम कर. खूप केलंस."

आराम! पुन्हा ती हळू उघडणारी दारं, पुन्हा ते हातात घेतलेले हात. साचा गेला की आपण परत ती कडेवर लेक घेऊन आलेली बाई होणार, हे ताईला लख्ख कळलं.

दुसऱ्या दिवशी पडलेली स्कूटर बघायला ती स्वतः गॅरेजात गेली. आपल्या हातचा टायर कुठं चुकला ते डोळ्यांनी बघायचं होतं. मेकॅनिकनं चाक काढून समोर ठेवलं. ती पट्टीवरून बोट फिरवत होती, इतक्यात मागच्या फळीवरच्या नव्या चकचकीत सीडी प्लेअरवर ढोल सुरू झाला. दारावरच्या थापा. ताई ताडकन वळली. बैल! पण हा कसला बैल? याची शेपटी पेटवली होती की काय? ढोलवाला धावत सुटलेला, आणि गाणाऱ्याचा आवाज चिमटा काढल्यासारखा वर चढलेला.

"अहो, गाणं असं पळवता कशाला?" ती चिडून म्हणाली. "चांगल्या माणसांची माती केलीत!"

"मी कुठं पळवतोय?" मेकॅनिक चक्रावला. "सीडी आहे ताई, ती पळवून पळत नाही. गाणं असंच आहे."

"असं नाहीये. मी रोज ऐकते. किती वर्षं!"

"कशावर ऐकता?"

"टेपवर."

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "पट्टा कधी बदलला होता त्याचा? टेपच्या आत रबराचा बारीक पट्टा असतो. ढिला झाला की गाणं रेंगाळतं. हळूहळू होतं, म्हणून रोज ऐकणाऱ्याला कळत नाही."

ताई तिथल्याच एका जुन्या टायरवर बसली. जगातलं सगळं रबर तपासून झालं होतं, फक्त टेपच्या पोटातलं सोडून. बैल थकला होता आणि त्याच्या चालीनं चालून टायर रोज थोडे जास्त शिजत होते. टायर कमी का निघतात तेही आता कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला हसू आलं, आणि मग त्या माणसाचं सोललेलं कोपर आठवून हसू विरलं.

तिला गप्प बसता आलं असतं. गुपचूप पट्टा बदलला असता तर टायर आपोआप सुधारले असते आणि चूक रबरवाल्याच्याच माथी राहिली असती. पण माणूस पडला होता. ती थेट दादाच्या टेबलाशी गेली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे इतकी वर्षं," दादा म्हणाला, "माझा धंदा त्या बोंबलणाऱ्याच्या भरवशावर चालला होता?"

"चांगला चालला होता की."

"साच्यावर तूच राहा. पण ते भूत उद्यापासून बंद. मी घड्याळ आणतो, खिडकीबाहेर लावू." तो उठला. "आणि स्कूटरवाल्याला नवा टायर आपण देऊ, मी सांगतो त्याला."

साचा वाचला होता. आणखी काही मागायला तिचं तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर घड्याळ लागलं. पहिला टायर अगदी बेतशीर निघाला, नखानं दाबलं तर नख किंचित रुतून परत वर. वाफ फुसफुसत होती, पाणी ठिबकत होतं, बाकी सगळं चिडीचूप. काटा सरकत होता खरा, पण ताईचा पाय जागचा हलेना. त्याच कामाला आज दुप्पट जोर लागत होता.

थोड्या वेळानं दादा दारात आला. "पक्कड बघितलीस का?" पक्कड त्याच्या खिशात होती. मग पुन्हा आला. चहा घेणार का, म्हणाला. दादानं आजवर कुणाला चहा विचारल्याचं कारखान्यात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिसऱ्या वेळी तो धावतच आला, चप्पल एकाच पायात.

"काय झालं?" ताई दचकली.

"काही नाही." त्याला धाप लागली होती. चौकटीला धरून तो उभा राहिला. "तुझा आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, वाफेत पडलीस-बिडलीस."

"मी काय बारा महिने आवाज करते?"

"तू नाही गं, तो बैल. मी 'कमी कर' म्हणून ओरडायचो. तू कमी करून परत वाढवायचीस. वाढवलास की कळायचं, आहे, बरी आहे. मग मी माझ्या कामाला." तो घुटमळला. "पहिल्या वर्षी तू कुणाशी बोलायची नाहीस. दुसरं कळायला काही साधन नव्हतं."

इतकी वर्षं तो तिची खबर घेत होता आणि ती बापडी त्याला उत्तर देत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. तिचे डोळे भरून आले. या खोलीत घाम आणि आसवं वेगळी ओळखू येत नाहीत, हे एक बरं आहे.

दुपारी दादा स्वतः टेपरेकॉर्डर काखोटीला मारून गॅरेजात गेला आणि नवा पट्टा घालून घेऊन आला. घड्याळही राहू दे, तो म्हणाला, बैलाची आणि घड्याळाची एकमेकांवर नजर राहील. मग परत टेबलाशी जायचं सोडून त्यानं स्टूल ओढलं आणि साच्यासमोर बसला.

ताईनं टायर घातला, झाकण आवळलं, बटण दाबलं. ढोल सुरू झाला, जिवंत, तुरतुरीत, पैलवानानं पहिल्यांदा लावला होता तेव्हाचा. गिटार घुसली तशी तिनं वाफ सोडली. गाणारा बेंबीच्या देठापासून सुटला. दादानं डोळे मिटून घेतले, दात दुखल्यासारखं तोंड केलं, पण उठला नाही. बाजू संपत आली तेव्हा तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला,

"अगं, पण हा माणूस एवढा ओरडतो कशापायी?"

"त्याचं तो जाणे," ताई म्हणाली. "पण मी या घरात आले तेव्हापासून मला जेवढं ओरडायचं होतं, ते सगळं त्यानंच ओरडून दिलंय."

बाजू संपल्यावर दादा खिडकीशी गेला आणि कॅसेट त्यानंच उलटी करून लावली.