भाचेजावयाला काम सांगू नये

बऱ्हाणपुरात जन्म काढलेल्या माणसाला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण माझ्या बायकोच्या मामांनी मला जितक्या वेळा तोंडात बोट घालायला लावलं, तितक्या वेळा मी घासही तोंडात घातला नसेल. हे मामा म्हणजे आमच्या गावच्या टपाल तिकीट संग्राहक मंडळाचे चिटणीस. मंडळाचे सभासद अकरा, बहुतेक सत्तरी ओलांडलेले. मंडळाची कचेरी म्हणजे लोधीपुऱ्यातली मामांची ओसरी, आणि मालमत्ता म्हणजे त्यांच्या लोखंडी कपाटातले सात अल्बम. त्यांत संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांतली तिकिटं होती. राजे गेले, त्यांची राज्यं गेली, पण त्यांच्या संस्थानांची नावं छापलेली तिकिटं पुढंही काही काळ पत्रांवर चालत राहिली. मामा हे अशा थाटात सांगत, जणू राजेलोकांशी बोलणी करायला सरकारनं त्यांनाच पाठवलं होतं.

मंडळाचा कारभार टपालानंच चालला पाहिजे, हा मामांचा बाणा. रविवारच्या सभेचं निमंत्रण भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यालाही पोस्टकार्डानं जायचं. एकदा ते कार्ड सोमवारी पोहोचलं. शेजारी बिचारे मामांचा आवाज ऐकून रविवारीच येऊन बसले होते, तर मामांनी इतिवृत्तात त्यांची नोंद 'आगंतुक' अशी केली.

अशा मंडळात एका रविवारी अध्यक्षांनी बाँब टाकला. अध्यक्ष कापसाचे जुने व्यापारी, बोलणं रोखठोक. म्हणाले, “हे पहा, बाकीच्या गावच्या मंडळांच्या वेबसाइटी झाल्या. नवीन माणूस आता तिथंच पाहतो. दिवाळीपर्यंत आपली झाली तर ठीक. नाही तर मंडळ खतम, आणि अल्बम एकेक करून वाटून टाकू.” मामांचा चेहरा पांढराफटक पडला. “वाटून?” एवढंच ते म्हणाले. सात अल्बम सात घरी जायचे म्हणजे त्यांच्या लेखी घराची वाटणीच होती.

मी इथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्या सभेला मीही बसलो होतो. हात वर करून म्हटलं, “मामा, मी करून देतो. फुकट.” मामा उठून उभेच राहिले. “भाचेजावयाच्या हातून काम? जावईबापू, तुम्ही कशाले तकलीफ घेता? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!” लगेच आतून दराब्याची, म्हणजे आमच्या गावच्या खास मिठाईची, बशी आली, माझ्या पाठीशी लोड आला, आणि निघताना हातात नारळ आणि टॉवेल. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी लॅपटॉप घेऊन गेलो, तेव्हा तेव्हा हेच. आमच्या घरी इतके टॉवेल साठले की बायकोनं त्यांची पायपुसणी केली. वेबसाइट होती तिथंच.

मदतीला दुसरं कोणी आलं नाही असंही नाही. धूलकोटचे एक निवृत्त मास्तर मजकूर टाइप करून द्यायला तयार होते. मामांनी त्यांना टपालानं अर्ज करायला सांगितलं. त्यांनी केला. मामांनी रजिस्टर पत्रानं कळवलं की अर्ज विचाराधीन आहे. तो तीन महिने विचाराधीन राहिला, आणि मास्तर दर रविवारी मामांच्या समोरच बसत होते!

शेवटी मामा इतकं मानायला तयार झाले की मजकूर ते देतील आणि मी तो 'फक्त चढवीन'. मजकूर अर्थात टपालानं आला, माझ्या घरी, दोन किलोमीटरवरून. ओळी उतरत्या होत्या, काही ठिकाणी एकीवर दुसरी चढलेली. म्हातारपण, असं मी मनात म्हटलं. संपर्काच्या पानासाठी लिहिलं होतं: 'चौकशी करणाऱ्यांनी उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा सोबत पाठवावा. ई-मेल करणाऱ्यांनीही.' मी कपाळावर हात मारला आणि जसंच्या तसं चढवलं.

पण फोटोंचं काय? तिकिटांच्या वेबसाइटवर तिकिटंच नसतील, तर लोक काय मामांचं अक्षर बघायला येणार? अल्बम मागितले की कधी प्रकाशानं रंग उडायचे, कधी अमावास्या असायची, कधी कपाटाची किल्ली लेकीबरोबर नेपानगरला गेलेली असायची. ती किल्ली मामांच्या बंडीच्या खिशातून मला डोकावताना दिसत होती. मी चिडलो. घरी येऊन म्हणालो, “तुझ्या मामाला मंडळ बुडवायचंच आहे.” बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दिवाळीला आठवडा राहिला तेव्हा एका दुपारी मी न कळवता गेलो. मामी एका बारशासाठी देडतलाईला गेल्या होत्या. दार नुसतं लोटलेलं. आत मामा कपाटापुढं जमिनीवर ओणवे होऊन हातानं फरशी चाचपत होते. किल्ली त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडली होती, लख्ख उजेडात. त्यांचा हात तिच्या अलीकडून गेला, पलीकडून गेला. मी दारातूनच म्हणालो, “मामा, किल्ली तुमच्या डाव्या गुडघ्यापाशी आहे.”

त्यांनी ती उचलली आणि तसेच खाली बसून राहिले. “दोन साल झाले,” ते म्हणाले. “उजव्यानं काहीच नाही. डाव्यानं नुसतं धुकं. डॉक्टर म्हणे काचबिंदू, आता गेलेली नजर येत नाही. मामीले मालूम आहे, बस. मंडळाले मालूम झालं तर आंधळ्याच्या घरी अल्बम कोण ठेवील? मदतीले जो येईल तो कपाट उघडील, आणि कपाट उघडलं की विचारील, मामा, हे कोणतं?” अमावास्या, रंग, नेपानगर, मास्तरांचा अर्ज, माझे टॉवेल, सगळं माझ्या डोक्यात एकदम उलगडलं. ज्या माणसाला मी हेकट म्हणून नावं ठेवली, तो दोन वर्षं एकटा पहारा देत होता. मला माझीच शरम वाटली.

मग मामांनी किल्ली माझ्यापुढं धरली. “घे,” ते म्हणाले. “उघड कपाट. पण तू कोणाले सांगू नको.”

लग्नाला वीस वर्षं झाली होती. त्या घरात मला कोणी 'तू' म्हटलं नव्हतं, पाण्याचा तांब्या उचलू दिला नव्हता. मी किल्ली घेतली आणि कपाट उघडलं.

पुढच्या तीन दुपारी मी पानं उलटत होतो, फोटो काढत होतो, आणि मामा डोळे मिटून सांगत होते. चौथं पान, वरची रांग, तिसरं: कोपरा किंचित फाटलेला. पाहावं तर फाटलेला! शिक्का तिरका म्हणाले की तिरका. सहा अल्बमांत हा माणूस एकदाही चुकला नाही. सातवा उघडताना त्यांचा आवाज उतरला. “पहिल्या पानावर एकच आहे. 'ग्वालियर' छापलेलं. माझे वडील उज्जैनले मास्तर होते. त्यांचं शेवटचं पत्र आलं त्याच्यावरचं. मंडळाले मी दिलेलं पहिलं तिकीट. शिक्का वाचता येतो अजून. येतो ना रे?”

पान कोरं होतं. मधोमध तिकीट चिकटवायच्या पट्टीचा पिवळा डाग होता, दुसरं काही नाही. कधी सुटलं, कुठं पडलं, कोणत्या दिवशी केरात गेलं, देव जाणे.

“येतो, मामा,” मी म्हणालो.

मामांनी हात पुढं केला आणि पानावर बोट टेकवलं. डागावरून ते एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि तिथंच ठेवलं. बोटाला कळलं होतं. माझं खोटंही कळलं होतं. “याचा फोटो नको घेऊ,” ते हळूच म्हणाले. “बाकी लिही, मी सांगतो तसं.”

वेबसाइट दिवाळीच्या दोन दिवस आधी सुरू झाली. मंडळ टिकलं, अल्बम एकत्र राहिले, आणि मामा अखेरपर्यंत चिटणीस राहिले. आता ते नाहीत. चिटणीस मी आहे. वेबसाइटवर सातव्या अल्बमच्या पहिल्या पानाखाली मामांच्या शब्दांतलं वर्णन आहे, वर चित्र नाही. अधूनमधून कुठून तरी एखादा संग्राहक विचारतो की या तिकिटाचा फोटो का नाही, ते तुमच्याकडे खरंच आहे का. मी प्रत्येकाला उत्तर पाठवतो की आहे, चांगल्या स्थितीत आहे, शिक्का अजून वाचता येतो.