हात हुंगणारे नाना

त्या सकाळी नानांनी आपल्या मुलीला क्लोरोफॉर्म दिला. गुंगीत तिला उलटी झाली. उलटीत भात होता. मुलगी उठली नाही.

हे मला नंतर कळलं. नाना धुळ्यातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. डॉक्टर दात काढत, जबड्यातला पू काढत. रोग्याला गुंगी द्यायची की नुसती हिरडी सुईने बधिर करायची, हे ते नानांवर सोडत. नाना बसलेले मी कधी पाहिले नाहीत. दारापासून टेबलापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत, आणि मधेच थांबून ते रोग्याचा उजवा हात हुंगत. लोक थट्टा करत, "नाना, उद्या अत्तर लावून येऊ का?"

"लावा. अत्तराखालचा कांदा मला कळतो."

मी तेव्हा दोंडाईच्याला मास्तर होतो. दोन दाढा सडल्या, जबडा सुजला, सूज गळ्याकडे उतरू लागली. आई मला धुळ्याला घेऊन आली. मला एकच हवं होतं, चिमटा दिसू नये. गुंगी रिकाम्या पोटीच देतात, हे मला ठाऊक होतं.

"काय खाल्लंत, मास्तर?" नानांनी विचारलं.

"काही नाही."

आईनेही कालपासूनच्या उपासाची साक्ष दिली, "काल्दिनपाइन उपाशी शे."

नानांनी माझा हात हुंगला. हाताला कसलाच वास नव्हता. ते बाटलीकडे वळले, बूच काढलं आणि थांबले. परत फिरून आईसमोर उभे राहिले.

"माय, तुना हात दखाड."

आईने हात पदराखाली घेतला. नानांनी तो हळूच ओढून नाकाशी नेला. लसणाची फोडणी, तूप. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेत सकाळीच तिने मला मऊ खिचडी भरवली होती.

"उपाशी पोटे पोऱ्याले कसं चिरू देऊ, भाऊ?" ती रडू लागली.

नानांनी बाटलीला बूच लावलं. बूच दोनदा निसटलं. पोट रिकामं होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. "सुई," ते डॉक्टरांना म्हणाले.

इतकी सुजलेली हिरडी धड बधिर होत नाही. मी ओरडत होतो आणि नाना माझं डोकं धरून कानाशी म्हणत होते, "बोंबला, मास्तर. बोंबलणाऱ्याची मला काळजी नसते."

आठवड्याने जखम दाखवायला गेलो तेव्हा मी माफी मागितली.

"तुम्ही भीतीने खोटं बोललात," नाना म्हणाले. "माझी आई मायेने बोलली. उलटी दोन्हींची सारखीच." मग त्यांनी मुलीचं सांगितलं. आजीने नातीला पहाटे दहीभात भरवला होता आणि नानांनी विचारल्यावर नाही म्हटलं होतं.

"तुमच्या आईंना कळलं का, कशामुळे झालं ते?"

"तिला वाटतं, माझ्या हातून औषध जास्त पडलं. वाटू दे."

एवढं बोलून ते पुन्हा फेऱ्या मारू लागले.

गेल्या महिन्यात ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून गेलो. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, निरोप घेताहेत. त्यांनी तो नाकाशी नेला.

"जेवून आलात. बरं केलंत."

चार दिवसांनी नाना गेले. माझ्या जबड्यात उजवीकडे दोन दाढांची जागा रिकामी आहे. जेवताना घास तिथे जातो.