पाहुण्यांचं पाणी

आमच्या विहिरीचं पाणी काळ्या चहासारखं दिसायला लागलं, तेव्हा सासूबाईंनी आधी मलाच धारेवर धरलं. घागर नीट घासत नाहीस, म्हणाल्या. पुढे वास यायला लागला, पोरांच्या अंगाला खाज सुटली, आणि कारखान्याचं सांडपाणी ओढ्यातून मुरतंय हे सगळ्या वस्तीला कळून चुकलं. अर्ज-विनंत्या करून थकलो. मग पुण्याला कोर्टात गेलो. तक्रारीवर पहिली सही सासूबाईंची.

कोर्टानं पाहणीला माणसं पाठवली. ती उन्हातून आमच्या ओसरीवर टेकली आणि सासूबाईंनी रीतीप्रमाणे तांब्या पुढे केला. पाणी पिऊन साहेबांनी विचारलं, "हेच पिता का तुम्ही?"

"व्हय, हेच की."

सासूबाईंचं काही खोटं नव्हतं. माझा नवरा काष्टीहून मोटारसायकलवर पाण्याचे जार आणायचा, आम्ही तेच पीत होतो, आणि तांब्यातही तेच होतं. त्यात नेमकं कालव्याला पाणी सुटल्यानं विहीरही जरा निवळली होती. अहवालात आलं, तक्रारदारांच्या घरचं पाणी चवीला चांगलं आहे. कारखान्याच्या वकिलानं ते कोर्टात मोठ्यानं वाचलं.

आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. "मावशी, काय केलंत हे?"

"मग पाव्हन्याला नासकं पानी पाजू?"

मला हसू फुटत होतं, पण सासूबाईंचा चेहरा पाहून गिळलं. केस गेली तर विहीर गेली, आणि विहिरीवाचून वस्ती टिकणार नव्हती. परतताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

वकिलांनी खटपट करून पुन्हा पाहणी मागितली. या वेळी विहिरीचंच पाणी दाखवायचं, असं बजावलं. ऐन उन्हाळ्यात एक अधिकारी बाई आल्या, माझ्या नणंदेच्या वयाच्या, उन्हानं लाल झालेल्या. सासूबाईंनी तांब्या भरून दिला. बाईंनी सवयीनं तो ओठांजवळ नेला आणि सासूबाईंनी झटकन त्यांचं मनगट धरलं.

"पिऊ नका, बाई. नुसतं बघा."

मागच्या वेळचं पाणी कुठलं होतं, तेही त्यांनी सांगून टाकलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, विहिरीवर जाऊन बाटल्या भरल्या, सील केल्या. पुढे त्यावरूनच सांडपाणी बंद करायचा हुकूम निघाला. विहीर अजून निवळते आहे.

पण त्या दुपारी हुकमाचं काही माहीत नव्हतं. जारचं पाणी द्यायला मी आत वळले, तर सासूबाईंनी डोळ्यांनी अडवलं. आता पुन्हा घोटाळा नको होता. जीप निघाली. धूळ बसली तरी त्या फाटकापाशीच उभ्या होत्या. जवळ गेले तर रडत होत्या.

"दारातनं मानूस तहानलेलं गेलं गं," म्हणाल्या.