आप्पांचं गुऱ्हाळ आणि बाबांचा विद्यार्थी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते निपाणीजवळच्या गुऱ्हाळाचे मालक आप्पा यांचे. आणि गिऱ्हाइकाशी बोलायला मिळावं एवढ्यासाठी गूळ करणारा माणूस साऱ्या सीमाभागात दुसरा सापडणार नाही. अडत्याकडे माल घालणं त्यांनी केव्हाच सोडलं. गूळ थेट घरी जातो. ऑर्डर मोबाईलवर येते, तरी आप्पा फोन करून लाडू करणार की चहा, हे विचारतातच. स्वतः सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून गुऱ्हाळाची वेबसाइटही सूर्यास्ताला बंद होते. चुलवाणात उसाच्या चिपाडाशिवाय काही जाळू देत नाहीत. एकदा कुणी टायर आणले, तर त्याला चहा पाजून टायरांसकट परत पाठवलं.

माझी फी त्यांनीच भरली. पदवी घेऊन आलो तेव्हा नव्या गोदामासाठी ठेवलेले पैसे त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेत घातले. गाडीच्या अर्ध्या रिकाम्या फेऱ्या टाळणारी आणि कॅमेऱ्याने काहिलीतला पाक बघून जाळ कधी थांबवायचा ते सांगणारी ती यंत्रणा मीच बसवली. फेऱ्या कमी झाल्या, तेव्हा आप्पांनी येळ्ळूरपासून हिंडलग्यापर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून दोन दिवस उशिराची परवानगी मागितली. यंत्राला ते ‘अहो’ म्हणत.

पण पाक कधी उतरवायचा हे तीस वर्षं माझे बाबा ठरवत आले होते. ते तिथले गुळव्या. मी आणलेलं यंत्र त्यांनाच घरी बसवणार, ही भीती मी आप्पांना बोलून दाखवली. आप्पांनी बाबांना कॅमेऱ्याशेजारी खुर्ची दिली आणि यंत्र चुकलं की सांगायला लावलं. महिनाभर बाबाच बरोबर ठरले. मग एका सकाळी यंत्र म्हणालं, उतरवा; बाबा म्हणाले, थांबा. गूळ काळपट झाला. बाबा मान खाली घालून म्हणाले, “त्याचं बरोबर हुतं, आप्पा. आता माझं काय काम न्हाय हितं.”

आप्पांनी काळपट गुळाचा खडा तोंडात टाकला.

“त्याला शिकवलं कुणी? पोरगं पास झालं म्हणून मास्तरला घरी धाडत्यात व्हय रं?”

पुढे मला बेंगळूरला नोकरी लागली. तिथून मी हे पत्र पाठवलं:

“आदरणीय आप्पा, जय जिनेंद्र. फोनवर आपणच बोलता, म्हणून लिहितो आहे. काल बाबांशी बोललो. नवा ऊस आला की यंत्र गोंधळतं, मग बाबा त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगतात म्हणे. मी शाळेत असताना माझी पाटी ते उलटी धरून बघायचे आणि कुणी आलं की खाली ठेवायचे. काल म्हणाले, ‘फोन ठेवतो आता, माझी शिकवायची वेळ झाली.’ आप्पा, माझी फी मी कधीतरी फेडीन. हे कसं फेडू, ते कळत नाही.”